फार्माची फ्लॅशकार्डं, घ्यायला हरकत नाही
सेकंड इयरला फार्मा (फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा विषय) पार डोक्यावरून जात होतं म्हणून ही कार्डं घेतली आणि खरं सांगू, उपयोग झाला. पुढे औषधाचं नाव, मागे ते शरीरात काय करतं आणि पेशंटला काय सांगायचं. एनालाप्रिलने (बीपीचं औषध) एसीई नावाचं एन्झाइम अडतं, मग ते एन्झाइम एरवी जे मोडतं ते ब्रॅडीकायनिन साठतं आणि कोरडा खोकला येतो, हे कळलं की पाठ करायची गरजच नाही, पण ओठ-जीभ सुजली तर पुढचा डोस न घेता लगेच इमर्जन्सीला यायचं हेही सांगायचं. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) सकाळी का, तर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या नकोत म्हणून! वॉरफरिनवाल्यांना (रक्त पातळ ठेवायचं औषध घेणाऱ्यांना) मी सरळ पालेभाज्या बंद सांगायचे, ते चूक निघालं, भाज्यांचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं एवढंच. आणि "समजलं का" विचारण्यापेक्षा पेशंटकडूनच परत वदवून घ्या म्हणतात, पटलं, मान तर सगळेच डोलावतात. वैताग एकच, इन्सुलिनच्या कार्डवर युनिटऐवजी नुसतं इंग्रजी यू अक्षर छापलंय, घाईत ते शून्य वाटलं तर 4 चे 40 होतात ना! मी पेनने खोडून पूर्ण शब्द लिहिला. बाकी अक्षर जरा बारीक आहे.