उद्यमनगरातील रेडिएटर दुरुस्ती : १९६८च्या फियाटला नवी जाळी

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या एका आतल्या गल्लीत रेडिएटर दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. पाटीवरचे मालकाचे नाव उन्हापावसात केव्हाच पुसले गेले असून ‘रेडिएटर’ एवढीच लाल अक्षरे उरली आहेत, आणि गल्लीतही त्याला कोणी दुसऱ्या नावाने ओळखत नाही. दारात बहुधा ट्रॅक्टरचे नाहीतर ट्रकचे रेडिएटर भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. माझ्या १९६८च्या फियाट ११०० डिलाइटचा रेडिएटर मी तेथे फेब्रुवारीत दिला होता. मधल्या काळात एक कडक उन्हाळा पार पडला, घाटही चढून झाला, तेव्हा या कामाविषयी आता भरवशाने लिहिता येईल.

गाडी वडिलांची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. हिच्याच वंशातली प्रीमियर पद्मिनी पुढे मुंबईच्या टॅक्सींमुळे सर्वांच्या ओळखीची झाली. या इंजिनाचा ब्लॉक म्हणजे मुख्य धड बिडाचे आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे गाडी एकदा सणकून तापली की हेड वाकण्याची आणि दोहोंमधले गॅस्केट जाण्याची धास्ती असते, म्हणून रेडिएटरचे दुखणे अंगावर काढण्यात अर्थ नसतो. मी ते अंगावर काढले. डिसेंबरात रत्नागिरीहून परतताना साखरपा मागे पडले, आंबा घाटाचा चढ लागला आणि डॅशबोर्डखाली मी वेगळा बसवून घेतलेल्या तापमानाच्या मीटरचा काटा शंभराच्या पुढे सरकला. दोन वळणांनंतर बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. कठड्याशी गाडी लावून पाऊण तास थांबलो, मग रेडिएटरच्या टोपीवर ओले फडके टाकून ती हळूहळू सैल केली, डिकीतल्या कॅनमधले पाणी भरले आणि दुसऱ्या गिअरवर कसाबसा माथा गाठला.

याला आधीचा इतिहास आहे. वर्षभरापूर्वी एका गॅरेजने गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली होती आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा पडदा, ‘उगाच अडथळा’ म्हणून काढून ठेवला होता. हळदीचा उपाय आपल्याकडे जुना आहे आणि अडचणीत गाव गाठून देण्यापुरता तो उपयोगीही पडतो. परंतु जी पूड गळतीचे भोक बुजवते, तीच अरुंद नळ्यांमध्येही साचते. थर्मोस्टॅट काढल्याने तर सपाट रस्त्यावर इंजिन पुरेसे गरमच होत नाही, आणि घाटात त्याचा काडीचा फायदा होत नाही, कारण तो तेथे एरवीही पूर्ण उघडलेलाच असतो. त्या दोन्ही गोष्टींना मी तेव्हा मान डोलावली होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

उद्यमनगरातील मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी रेडिएटर हातात घेतल्यावर भाव सांगितला नाही. आधी वरची टाकी उघडतो, मग बोलू, असे म्हणाले. या एका गोष्टीसाठी मी हे दुकान इतरांहून वरचे मानतो. ब्लोलॅम्पच्या ज्योतीने कडेचे सोल्डर वितळवून त्यांनी पितळी टाकी अलगद उचलली, आणि आतल्या नळ्यांची तोंडे प्रथमच दिसली. जवळजवळ एक तृतीयांश नळ्या पांढऱ्या, खडूसारख्या थराने बंद झाल्या होत्या आणि त्यावर हळदीचा तपकिरी लेप बसला होता. पांढरा थर म्हणजे आमच्या घरच्या बोअरच्या पाण्याची कित्येक वर्षांची पुण्याई.

अशा वेळी नेहमीचा उपाय असतो तो सळई मारण्याचा, म्हणजे पातळ चपटी पट्टी प्रत्येक नळीतून वरखाली फिरवून थर खरवडून काढण्याचा. तो स्वस्त आहे, आणि माझीही अपेक्षा तीच होती. मिस्त्रींनी मात्र जाळीच्या मध्यभागी, नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्याच्या एका पातीवर अंगठ्याचे नख टेकवले आणि ती पाती नळीवरून सरकली. कारागीर नळ्या आणि पाती मिळून होणाऱ्या भागाला जाळी म्हणतात, तोच शब्द मी वापरतो. “नळी साफ हुईल साहेब, पर पातीनं तिला सोडलंय न्हवं,” एवढेच ते म्हणाले. मुद्दा अगदी बरोबर होता. पाण्यातली उष्णता नळीतून पातीत आणि पातीतून वाऱ्यात जाते. नळी आणि पाती यांना जोडणारे सोल्डर वयोमानाने सुटले असेल, तर नळ्या आरशासारख्या स्वच्छ करूनही रेडिएटर थंड करणार नाही. जुन्या गाडीचा रेडिएटर ‘साफ करूनही फरक पडला नाही’ अशी तक्रार ज्यांनी केली असेल, त्यांनी पाती हलवून पाहावी.

आता प्रश्न राहिला तो नवा रेडिएटर घ्यायचा की जुन्या टाक्यांना नवी जाळी बसवायची, एवढाच. पद्मिनीसाठी बाजारात मिळणारे तयार रेडिएटर मी पाहिले होते. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, आणि रोज लागणारे गिऱ्हाईकच गेल्यावर या मालाची चणचण वाढत जाणार हे उघड आहे. शिवाय जे नमुने मला मिळाले त्यांत पत्रा पातळ होता आणि गाडीला बोल्टने बसवायच्या कानांची भोके जुळत नव्हती. पूर्ण ॲल्युमिनियमचा रेडिएटर बनवून घेणे हा दुसरा पर्याय. तांबे उष्णता अधिक चांगली वाहते, तरी ॲल्युमिनियमच्या रुंद नळ्यांचा चांगला रेडिएटर कामात कमी पडत नाही आणि वजनाला पुष्कळच हलका असतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तांब्यापितळेचा रेडिएटर गळला तर तालुक्याच्या गावीही सोल्डरचा हात असलेला कोणीतरी तो जोडून देतो. ॲल्युमिनियमचे तसे नाही. केंद्राच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढील गाडीची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची तर चासी, बॉडी आणि इंजिन मूळचे असावे लागते. रेडिएटरने तेथे अडत नाही. पण बॉनेट उघडल्यावर जुन्या पितळी टाकीच्या जागी चकचकीत पांढरा डबा दिसणे माझ्या डोळ्यांना रुचले नसते. मी जाळी नवी आणि टाक्या जुन्या असा कौल दिला.

जाळीच्या जाडीवरून थोडा वाद झाला. दुकानात ट्रॅक्टरची कामे अधिक, त्यामुळे नळ्यांची एक रांग जादा घालू, गाडी कधी तापणारच नाही, असा मुलाचा आग्रह होता. हा मिस्त्रींचा मुलगा. हिशेब आणि फोन तोच पाहतो. या गाडीत पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर असतो आणि माझ्या गाडीत पंखा व जाळी यांच्यात जेमतेम दोन बोटांचे अंतर आहे. जाडी वाढवली तर ते अंतर जाते, आणि दाट जाळीतून हळू चालणाऱ्या गाडीत वारा ओढून घेण्याइतका हा पंखा जोरकस नाही. मिस्त्रींनी पट्टी लावून माप घेतले आणि मुलाला गप्प केले. जुन्याइतक्याच रांगांची, तांब्याच्या पातींची जाळी ठरली.

जोडकाम मी जवळ बसून पाहिले. टाकीच्या कडा तारेच्या ब्रशने पिवळ्याधमक होईपर्यंत घासून त्यांवर आधी सोल्डरचा पातळ हात फिरवला, मग टाकी जाळीवर बसवून ज्योत सतत हलती ठेवत कड बंद केली. शिसे आणि कथील यांचे हे सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते, म्हणून ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली तर शेजारचा जोड सुटतो. मिस्त्रींच्या डाव्या हातात त्यासाठी ओले फडके होते आणि ते डोळे न वळवता बरोबर हव्या त्या जागी टेकवत होते. शेवटी, सोल्डर नीट धरावे म्हणून जोडाला लावलेले ॲसिड भरपूर पाण्याने धुतले. हे धुणे पुष्कळ ठिकाणी राहते आणि वर्षभरात तेथेच हिरवी बुरशी धरते.

चाचणी हौदात झाली. दोन्ही तोंडांना रबरी बूच मारून आत हवा भरली आणि रेडिएटर पाण्यात बुडवला. जुन्या टाक्यांना दहा पौंडांपेक्षा अधिक दाब द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. पहिल्या खेपेस टोपीच्या गळ्याखालून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर आले. तो जोड उकलून पुन्हा केला. दुसऱ्यांदा एका कोपऱ्यातून एकच बुडबुडा बऱ्याच वेळाने सुटला. मी कदाचित सोडून दिला असता, त्यांनी दिला नाही. तिसऱ्यांदा पाणी निश्चल राहिले.

एवढे झाल्यावरही रेडिएटर माझ्या हाती मिळाला नाही. “आत चिखल हाय तवर नवी जाळी घालून काय करनार? आदी ब्लॉक धुवा,” असे सांगून त्यांनी मला परत पाठवले. गाडीच्या मिस्त्रीकडे ब्लॉकमध्ये उलट्या दिशेने पाणी सोडले, तेव्हा गंजाचा तांबडा गाळ बादलीभर निघाला. दोन्ही रबरी होज, वॉटर पंपाचे सील आणि थर्मोस्टॅट त्याच वेळी नवे घातले. नंतर भरताना पूर्वीपेक्षा पाऊण लिटर अधिक मावले. आता आत शुद्ध पाणी आणि साधे हिरवे कूलंट निम्मे-निम्मे आहे, आणि टोपी मूळ दाबाचीच ठेवली आहे. जास्त दाबाची टोपी जुन्या सोल्डरला मानवत नाही.

तक्रारी आहेत. आठवड्यात देतो म्हणून सांगितलेले काम बावीस दिवसांनी मिळाले, आणि त्या दिवसांत मुलाने फोनवर प्रत्येक वेळी ‘उद्या’ हाच शब्द वापरला. मी नको म्हटले असतानाही पितळी टाकीवर काळा रंग जाड फासला होता. जाळीवर असा रंग बसला तर उष्णता अडते, सुदैवाने तेथे हात बेताचा होता. डाव्या बाजूचा कान थोडा तिरपा बसल्याने भोक कानशीने वाढवावे लागले. एकूण ९,५०० रुपये पडले. जुनी जाळी दुकानातच राहते असा रिवाज आहे, पण मी ती वजन करायला लावली आणि भंगाराच्या दराने तिचे पैसे वळते करून घेतले. न बोलता सोडली असती तर ते पैसे गेलेच असते.

मे महिन्यात भर दुपारी चौघांना आणि सामान घेऊन पुन्हा आंबा घाट चढलो. सपाटीवर अठ्ठ्याऐंशीला असणारा काटा माथ्यावर चौऱ्याण्णवपर्यंत गेला आणि उतार लागताच परत आला. जूनमध्ये खालच्या तोटीचा वॉशर ओलावू लागला, तो मिस्त्रींनी उभ्याउभ्या बदलून दिला आणि पैसे घेतले नाहीत. पावती मात्र मी दोनदा मागूनही अजून मिळालेली नाही.