गेटफॅकलची रोजची यादी, ८ महिने वापरून

गेटफॅकल म्हणजे लिनक्सवर फाइलींच्या परमिशनची (कुणी वाचायचं, कुणी बदलायचं, कुणी चालवायचं) यादी काढणारी कमांड. आधी हे लावलं का ते सांगतो. क्लायंटचा डेबियन लिनक्सचा सर्व्हर, रात्रीचे अकरा, अपलोडच्या फोल्डरमध्ये काही केल्या फाइल पडेना, शेवटी वैतागून सुडो (कमांड रूटच्या, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवतं ते) लावून चमॉड -आर ७७७, म्हणजे फोल्डरसकट आतल्या सगळ्याच्या परमिशन बदलणारी कमांड, मारलं (माहितीय, शिव्या घाला) आणि नेमकी स्लॅश आणि व्हारच्या मध्ये स्पेस पडली, म्हणजे कमांड नुसत्या स्लॅशवर, अख्ख्या सिस्टीमवर लागली. स्क्रीनवर प्रोक फोल्डरचे एरर धो धो वाहायला लागले तेव्हा ट्यूब पेटली. कंट्रोल-सी दाबलं, पण तोवर इटीसी आणि यूएसआर हे सिस्टीमचे दोन्ही फोल्डर गेलेले. फाइली उडवणारं आरएम निदान नुसत्या स्लॅशवर चालायला नकार तरी देतं, चमॉड बिनबोभाट चालतं, त्याला प्रिझर्व्ह-रूट (स्लॅशला हात लावू नको) आपण स्वतः सांगावं लागतं.

आता ७७७ म्हणजे सगळं सगळ्यांना खुलं, मग बंद काय पडणार असं वाटतं ना? सुडोच पडलं. त्याच्यावरचा सेटयूआयडी बिट (कुणीही चालवलं तरी प्रोग्रॅम मालकाच्या अधिकाराने चालतो ती खूण) उडाला, ४७५५ चं ७७७ झालं, सुडो म्हणे माझ्यावर तो बिट नाही, मी चालणार नाही. युजर बदलणाऱ्या एसयूचंही तेच. लांबून लॉगिन करायचं एसएसएच नवीन लॉगिन घेईना कारण त्याची प्रायव्हेट की आता कुणालाही वाचता येत होती. शेवटी होस्टिंगच्या वेब कन्सोलवरून रूटचा पासवर्ड टाकून आत शिरलो, त्याच व्हर्जनचं डेबियन दुसऱ्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) टाकलं, तिथे गेटफॅकलने सगळ्या परमिशनची यादी काढली आणि ती इकडे सेटफॅकल रिस्टोअरने लावली. सिस्टीम उठली, पण क्लायंटचा स्वतःचा डेटा त्या यादीत कुठून असणार, ते फाइंड लावून हाताने करत बसलो पहाटेपर्यंत. फाइलींचा बॅकअप होता हो, पण १० फाइलींच्या परमिशनसाठी अख्खा डेटा जुन्यावर नेऊन ठेवायचा?

तेव्हापासून सगळ्या सर्व्हरवर रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवतं ते) गेटफॅकल -आर चालतं, यादी झिप होऊन दुसऱ्या मशीनवर जाते. साधी टेक्स्ट फाइल असते, फाइलचं नाव, मालक, ग्रुप, परमिशन, आणि सेटयूआयडी वगैरे असेल तर फ्लॅग्जची एक ओळ. ती ओळ कमेंटसारखी दिसते म्हणून मी एकदा हॅश वाल्या ओळी ग्रेपने गाळून टाकल्या होत्या, तसं करू नका, रिस्टोअर मालक आणि बिट तिथूनच उचलतं.

खरी परीक्षा चौथ्या महिन्यात झाली. ऑफिसातल्या एका पोराने एसआरव्ही फोल्डरवर चओन -आर (फाइलींचा मालक बदलणारी कमांड) करून सगळं वेब सर्व्हरच्या युजरच्या नावावर केलं, त्यातच पोस्टग्रेस डेटाबेसचा डेटा. पोस्टग्रेस आपल्या फोल्डरचा मालक बदललेला खपवून घेत नाही, रीस्टार्ट केला तर उठेचना. कालची यादी घेतली, त्यातला एसआरव्हीचा तुकडा कापला, स्लॅशमध्ये उभं राहून रिस्टोअर मारलं. चहा गार व्हायच्या आत डेटाबेस चालू. स्लॅशमध्ये उभं राहून अशासाठी की गेटफॅकल पाथचा पहिला स्लॅश काढून टाकतं, दुसऱ्या फोल्डरमधून मारलं तर फाइल सापडत नाही म्हणून बोंबलतं.

आता कुरकुरी. सिमलिंकचे (दुसऱ्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या फाइलींचे) मालक यातून परत येत नाहीत. कॅपॅबिलिटीज (प्रोग्रॅमला दिलेले रूटचे सुटे सुटे अधिकार) या यादीत येतच नाहीत, आणि चओन झालं की त्या फाइलवरून पुसल्या जातात, त्यामुळे गेटकॅप -आर ची वेगळी यादी मी सहाव्या महिन्यात जोडली, सुरुवातीलाच सुचायला हवं होतं. यादी काढल्यानंतर दिवसभरात तयार झालेल्या फाइली अर्थातच वाऱ्यावर. लाखो छोट्या फाइली असलेल्या सर्व्हरवर यादी काढताना डिस्क बराच वेळ घरघरते, म्हणून तिथे कॅशेचं फोल्डर वगळलंय.

रेड हॅट घराण्यातलं काही वापरत असाल तर पॅकेजच्या फाइलींपुरतं आरपीएमचं (तिथला पॅकेज मॅनेजर) सेटयूजीआयडीज (मालक परत लावतं) आणि मग सेटपर्म्स (परमिशन परत लावतं) आहेच, क्रम हाच ठेवा, उलट केलं तर मालक बदलताना सेटयूआयडी परत उडतो. डेबियनवाल्यांना ही सोय नाही, त्यांचा पॅकेज मॅनेजर डीपीकेजी परमिशनची नोंदच ठेवत नाही, पॅकेज पुन्हा टाकत बसायचं.

५ पैकी ४. एक स्टार सिमलिंकचा कापला. आणि हो, चमॉडला प्रिझर्व्ह-रूटचं एलियस (चमॉड टाइप केलं की प्रिझर्व्ह-रूट आपोआप लागावं असं टोपणनाव) केलंय, पण सुडोच्या मागे ते लागतच नाही हे परवा कळलं, सुडोचंही शेवटी स्पेस ठेवून एलियस करावं लागतं. परत स्पेसच.