रॅम घेताना माझी झालेली फसवणूक

सावद्याला घरी बसून मी तीन दुकानांचे आणि केळीच्या एका व्यापाऱ्याचे हिशोब सांभाळते. कॉम्प्युटर २०१३ सालचा. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ जातीचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम. टॅली आणि जीएसटीचं पोर्टल एकदम उघडलं की सगळं अडकायचं. थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं दरमहाचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख २०, उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी. म्हणून मे महिन्यात, भर उन्हात, भुसावळमार्गे जळगाव गाठलं.

दुकानदाराला मी बोर्डाचं नाव सांगितलं, जुनी रॅमही दाखवली. त्याने ८ जीबीची एक पट्टी काढली. वर नवंकोरं स्टिकर, ‘८ जीबी डीडीआर-३ डेस्कटॉप’ (डीडीआर-३ ही रॅमची पिढी). "माझ्या बोर्डाला चालेल ना?" तर म्हणे, "ताई, रॅम म्हणजे रॅम. स्लॉटमध्ये बसली की चालली." तिथेच लावून दाखवा म्हटलं तर टेस्टिंगचं मशीन रिकामं नव्हतं. १,३०० रुपये घेतले आणि बिल मागितल्यावर हाती एक कच्ची चिठ्ठी दिली, विकलेला माल परत घेतला जाणार नाही असा शिक्का मारलेली.

घरी आल्यावर पट्टी स्लॉटमध्ये व्यवस्थित बसली. बटण दाबलं, पंखा फिरला, पण स्क्रीन काळी आणि आतून नुसते बीप. जुनी लावली की सगळं सुरळीत.

फोन केला, तर खरा डाव तिथे सुरू झाला. "तुमचा बोर्डच ८ जीबी उचलत नाही. घेऊन या, बोर्ड बदलून देतो." बोर्डाचे सांगितले ३,५०० रुपये, तोही जुनाच. हे धादांत खोटं होतं. एच-६१ वर दोन स्लॉट मिळून १६ जीबी चालते, म्हणजे एका स्लॉटला ८. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तारीख डोक्यावर होती, आणि मी पैसे काढायच्या बेतात होते.

थांबवलं ते फैजपूरला रिपेअरिंग करणाऱ्या एका भाऊंनी. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि आधी चिप मोजल्या. घरगुती रॅमच्या एका बाजूला सहसा ८ चिप असतात, या पट्टीवर ९ होत्या, शिवाय मधोमध वेगळ्या आकाराची आणखी एक. मग नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली मूळ कंपनीचं लेबल तसंच होतं : पीसी३-१२८००आर.

सगळं त्या शेवटच्या ‘आर’मध्ये आहे. आर म्हणजे रजिस्टर्ड, सर्व्हरमधून, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरमधून निघालेली रॅम. घरच्या डेस्कटॉपच्या रॅमवर तिथे ‘यू’ असतो. दोन्हींना पिना २४०, खाचही एकाच जागी, म्हणून ती बसते. पण आपला प्रोसेसर तिच्याशी बोलूच शकत नाही. अशी रॅम बाजारात अगदी स्वस्तात मिळते, हेही भाऊंनीच सांगितलं. दुसरा एक प्रकारही त्यांना ठाऊक होता : जुन्या एएमडी बोर्डांवरच चालणाऱ्या ८ जीबीच्या डीडीआर-३ पट्ट्या, ज्या इंटेलवाल्यांच्या गळ्यात मारतात.

तेव्हा कळकळीने सांगते, दुकानात जाण्याआधी घरीच सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून बघा. मेनबोर्डच्या टॅबमध्ये बोर्डाचं मॉडेल, एसपीडीच्या टॅबमध्ये आत्ताच्या रॅमची सगळी माहिती मिळते. मग कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाला कोणती आणि जास्तीत जास्त किती रॅम चालते ते वाचा. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसतच नाही, तिच्या पिना २८८ आणि खाच वेगळी, त्यामुळे तिथे निदान लगेच कळतं. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम घेऊन उपयोग नाही, आधी ६४-बिट टाकावं लागेल. आणि शक्य असेल तर कॅबिनेटच सोबत न्या, चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बिलाचा आग्रह मी धरला नाही, ती माझी मोठी चूक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. हे मी दुसऱ्या खेपेला, दुकानात चार गिऱ्हाईकं उभी असताना, मोठ्याने सांगितलं. अर्धं सोललेलं स्टिकर सगळ्यांना दाखवलं. तेव्हा कुठे १,३०० परत मिळाले. दोन फेऱ्यांचं भाडं आणि बुडालेला दिवस गेलाच.

पैसे मोजून दिल्यावर त्याने ती पट्टी उचलली, स्टिकर अंगठ्याने दाबून परत चिकटवलं आणि काउंटरखालच्या खणात ठेवून दिली. खण उघडा असताना मला आत दिसलं. तशाच आणखी पाच-सहा पट्ट्या होत्या, सगळ्यांवर तेच नवंकोरं स्टिकर.