वास्तुविशारद विकासक होताना: रत्नागिरीतील सहा रविवारांच्या प्रशिक्षणवर्गाचे परीक्षण

रत्नागिरीत गेली चौदा वर्षे मी वास्तुविशारद म्हणून व्यवसाय करतो. बंगले, शाळेच्या इमारती, दोन छोटी रुग्णालये आणि मुंबईकरांची सुट्टीतील घरे असे कामाचे स्वरूप आहे. स्वतःची जागा घेऊन स्वतः बांधावे आणि विकावे, हा विचार गेली चार-पाच वर्षे मनात होता. त्यासाठी यंदाच्या उन्हाळ्यात वास्तुविशारद आणि अभियंत्यांना बांधकाम विकासाचे शिक्षण देणाऱ्या एका वर्गात नाव नोंदवले. सहा रविवार, सकाळी दहा ते सायंकाळी पाच, शुल्क अठरा हजार रुपये आणि एकूण बावीस विद्यार्थी. आयोजकांचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण खाली काही तक्रारीही आहेत आणि वर्ग चालवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पैशाचा आणि वेळेचा हिशोब हा वर्ग उत्तम शिकवतो. कोकणात ज्या गोष्टीवर सगळे अवलंबून असते, त्या जमिनीच्या हक्काविषयी मात्र तो फार कमी सांगतो.

सर्वांत मोलाचा होता तिसरा रविवार. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या पाहण्यातील एका जागेचा हिशोब संगणकावर मांडायचा होता. मी शहराच्या हद्दीलगतची वीस गुंठ्यांची एक जागा घेतली. वीस गुंठे म्हणजे सुमारे २,०२३ चौरस मीटर, आणि मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे जागेच्या किती पट बांधता येते) १.१ धरला तर सुमारे २,२२५ चौरस मीटर बांधकाम. त्यावर अधिमूल्य (जादा बांधकामासाठीचे शुल्क) भरून निवासी वापरासाठी मिळणारे ६० टक्क्यांपर्यंतचे पूरक क्षेत्र वेगळे. इथपर्यंत कोणताही वास्तुविशारद रोजच्या कामात येतो. त्यापुढचे मात्र आपल्याला कोणी शिकवत नाही. विक्रीतून येणाऱ्या रकमेतून बांधकाम, अधिमूल्ये, मुद्रांक, व्याज, विक्रीखर्च आणि नफा वजा करून जे उरते तेवढीच जमिनीची खरी किंमत असते. आपण उलट दिशेने जातो. जागा आवडते, आराखडा सुचतो, आणि जमीनमालकाने सांगितलेला भाव त्यात कसाबसा बसवला जातो. माझ्या तक्त्यात उरलेली रक्कम मालकाच्या मागणीच्या निम्म्याहून कमी निघाली.

शिकवणाऱ्या सरांनी मग आम्हाला तोच तक्ता महिन्यांनुसार मांडायला लावला आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उत्खनन व पायाच्या कामासमोर शून्य लिहायला सांगितले. पावसात काम बंद ठेवणे आपल्याला नवीन नाही, पण त्याचा पैशावर होणारा परिणाम मी प्रथमच आकड्यांत पाहिला. महाराष्ट्रातील आदर्श विक्री करारात हप्ते बांधकामाच्या टप्प्यांना जोडलेले असतात. जोते पूर्ण झाल्यावर एकूण किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत आणि सर्व स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. जोते मे महिन्यात पूर्ण झाले तर हप्ता लगेच येतो. पंधरा दिवसांचा उशीर होऊन पाऊस लागला तर तोच हप्ता दिवाळीपर्यंत लांबतो, आणि व्याज व पगार मात्र थांबत नाहीत. नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि जमीन खरेदीसाठी बँका खासगी बांधकाम व्यावसायिकांना कर्ज देऊ शकत नाहीत, हे दोन नियम त्याला जोडले की पहिल्या वर्षीचे भांडवल स्वतःच्या किंवा भागीदारांच्या खिशातूनच यावे लागते. हे त्या तक्त्यात लालभडक उणे आकड्यांनी दिसत होते. या एका दिवसासाठी अठरा हजार रुपये मी पुन्हा देईन.

त्याच तक्त्यातून दिसलेली दुसरी एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्यातील चटई क्षेत्राच्या (विक्रीसाठी मोजल्या जाणाऱ्या कार्पेट एरियाच्या) व्याख्येत बाहेरच्या भिंतींची जाडी आणि सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा धरला जात नाही. बांधकाम नियमावलीनुसार मात्र हे दोन्ही चटई क्षेत्र निर्देशांकात मोजले जाते. म्हणजे जांभ्या चिऱ्याची जाड भिंत आणि पश्चिमेकडून येणारी पावसाची झड अडवणारी रुंद पडवी या दोन गोष्टी निर्देशांक खातात आणि विक्रीच्या चौरस फुटांत दिसत नाहीत. तक्त्यात मी पडवी सहा फुटांवरून तीन फुटांवर आणली तेव्हा नफ्याचा रकाना लगेच वाढला. चौदा वर्षे मी ग्राहकांना पडवी मोठी ठेवायला सांगत आलो आहे. विकासकाच्या खुर्चीत बसल्यावर तीच पडवी कापण्याचा मोह किती साधा आणि किती तर्कशुद्ध वाटतो, हे त्या क्षणी कळले. या ओढाताणीवर वर्गात तासभर चर्चा व्हायला हवी होती. सरांनी ‘बाजारात ज्याला भाव मिळतो तेच बांधायचे’ एवढे म्हणून पुढचे पान उघडले.

महारेरा, म्हणजे रेरा कायदा राबवणारे राज्याचे प्राधिकरण, याविषयीचे सत्र नेटके होते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असल्यास नोंदणी, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात, आणि त्यातून पैसे काढताना वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रे, हा क्रम उदाहरणांसह समजावला. बांधकामातील दोषांसाठी ताबा दिल्यापासून पाच वर्षे प्रवर्तकाची, म्हणजे विकासकाची, जबाबदारी असते, हेही त्यांनी ठासून सांगितले. येथे मी एक प्रश्न विचारला. दुसऱ्यांच्या प्रकल्पांसाठी ‘फॉर्म एक’वर, म्हणजे वास्तुविशारदाच्या या प्रमाणपत्रावर, मी अनेकदा सही केली आहे. उद्या प्रकल्प माझाच असेल तर त्यावर सही कोणाची असावी? उत्तर मिळाले की, ‘तुमच्या ऑफिसमधलाच दुसरा नोंदणीकृत आर्किटेक्ट करेल.’ मला हे पटलेले नाही. ज्या प्रमाणपत्रावर ग्राहकांचे पैसे खात्यातून बाहेर पडतात, ते प्रवर्तकाच्या पगारावर असलेल्या माणसाने देणे म्हणजे त्या प्रमाणपत्राचा अर्थच काढून टाकणे आहे. वास्तुविशारदाने विकासक व्हावे, पण त्या दिवसापासून आपल्या प्रकल्पाचे प्रमाणपत्र बाहेरच्या, आपल्यावर अवलंबून नसलेल्या वास्तुविशारदाकडून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

आता मुख्य तक्रार. जमिनीच्या हक्कासाठी सहा रविवारांतला केवळ दीड तास ठेवला होता. सातबारा, आठ-अ, फेरफार यांच्या छायाप्रती दाखवल्या आणि ‘टायटल हे वकिलाचे काम आहे, तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या’ असे सांगून विषय संपवला. पुण्यामुंबईच्या तयार बिनशेती भूखंडांसाठी हे कदाचित पुरेसे असेल. कोकणात नाही.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या एका मित्राने शहराजवळच्या गावातील अकरा गुंठ्यांसाठी इसारा दिला होता. सातबाऱ्यावर सत्तावीस नावे होती. त्यांपैकी एकोणीस जण मुंबईत, दोघे मयत, आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नव्हती. त्यांतील एक आजी गिरगावात राहत होत्या. मी स्वतः त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, हक्कसोडपत्राचा मसुदा चष्मा लावून सावकाश वाचला आणि म्हणाल्या, ‘बाळा, सही करीन, पण त्या आंब्याखाली माझ्या सासूबाईंचं वृंदावन आहे, ते कुठे जाणार?’ आमच्या आराखड्यात त्या ठिकाणी वाहनतळ होता. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. पुढे ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळकायद्याच्या कलम ४३ च्या बंधनाचा (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही) शेराही निघाला. अकरा महिन्यांनी इसाऱ्याचा काही भाग सोडून आम्ही व्यवहारातून बाहेर पडलो.

त्यामुळे कोकणातील वर्गात या गोष्टींसाठी किमान एक पूर्ण रविवार हवा. खोतांमार्फत गावाचा महसूल वसूल करण्याची खोती पद्धत १९४९ च्या कायद्याने संपली तरी तिच्या खुणा फेरफारांत अजून सापडतात. कुळाने ३२-म प्रमाणपत्राने (कूळ मालक झाल्याच्या दाखल्याने) घेतलेली जमीन विकताना कलम ४३ आडवे येते, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षे झालेली असल्यास आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून मार्ग निघतो. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि वर्गातील बावीसांपैकी निम्म्याहून अधिक जण याच प्रकारात मोडत होते. खाडीकाठच्या आणि किनाऱ्याच्या जागांसाठी भरतीरेषा आणि सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) २०१९ ची अधिसूचना पाहावी लागते. त्या अधिसूचनेत ग्रामीण भागाची विभागणी २०११ च्या जनगणनेतील प्रति चौरस किलोमीटर २,१६१ लोकसंख्येवर केलेली आहे. समुद्राच्या बाजूने त्याहून दाट भागात ना-विकास क्षेत्र पन्नास मीटरचे, इतरत्र दोनशे मीटरचे. चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर निळ्या आणि लाल पूररेषेचा (ज्यांच्या आत बांधकामावर बंधने येतात) प्रश्न प्रत्येक जागेबरोबर येतो. आणि रस्ता? कागदावर ‘रस्ता आहे’ असे लिहिलेल्या कितीतरी जागांवर प्रत्यक्षात फक्त चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी जाते. तिच्यावरून मिक्सरची गाडी जात नाही आणि नगररचना कार्यालय तिला प्रवेशरस्ता मानत नाही. यांतील एकही गोष्ट वकील आपण विचारल्याशिवाय सांगत नाही. प्रश्न विकासकालाच माहीत असावे लागतात.

पाचव्या रविवारची प्रकल्पभेट चांगली झाली. तिथल्या विकासकांनी, जे पूर्वी अभियंता होते, आम्हाला पश्चिमेकडच्या भिंतीवरचा ओलीचा पट्टा न लपवता दाखवला, बाहेरच्या गिलाव्यात वाचवलेल्या पैशांमुळे तो कसा आला हे सांगितले आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च वहीतून वाचून दाखवला. जेवण, जागा, वीज यांविषयी तक्रार नाही. छापील टिपणे मात्र सगळी मुंबईच्या आकड्यांची होती. तिथल्या विक्रीदरांवर केलेला हिशोब लांज्याच्या किंवा देवरुखच्या माणसाच्या काही उपयोगाचा नाही. वस्तू व सेवा कराचे सत्र घाईत उरकले. बांधकाम सुरू असलेल्या, परवडणाऱ्या गटात न बसणाऱ्या घरांवर पाच टक्के, पण त्यावर इनपुट क्रेडिट नाही, आणि त्यामुळे आपण भरलेला कर खर्चातच धरावा लागतो, एवढे मात्र नीट कळले.

पाच-सात वर्षे व्यवसाय झालेल्या आणि एखादी जागा खरोखर नजरेत असलेल्या वास्तुविशारदाने हा वर्ग जरूर करावा. नुकतेच पदवी घेतलेल्यांनी थोडे थांबावे, कारण हप्ते, ठेकेदार आणि परवानग्या यांचा स्वतःचा अनुभव नसेल तर तिसऱ्या रविवारचा तक्ता केवळ आकडेमोड वाटेल. मी माझे कार्यालय बंद केलेले नाही. ग्राहकांची कामे सुरू ठेवून एका तयार बिनशेती भूखंडाचा हिशोब सध्या करत आहे आणि त्यात पडवी सहा फुटांचीच धरली आहे.

जमिनीसाठी वेगळा रविवार ठेवण्याची सूचना मी आयोजकांना लेखी दिली. पुढच्या तुकडीत निवृत्त तलाठ्यांचे एक सत्र घेण्याचे त्यांनी मान्य केले आहे. नाव नोंदवणाऱ्यांनी आपल्या जागेचा सातबारा आणि त्यावरील सर्व फेरफारांचे उतारे पहिल्याच दिवशी सोबत न्यावेत. तिसऱ्या रविवारी ते लागतात आणि तहसीलदार कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार मिळायला दोन-तीन आठवडे सहज जातात.