पडवीतला स्टीलचा खंड्या : नऊ महिन्यांनंतर

गणपतीला मेव्हणा आला, पडवीत चपला काढता काढता वर बघितलं आणि म्हणाला, "भाओजी, स्टेनलेसला गंज?" तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितोय.

जानेवारीत साडेआठ हजार मोजून घेतलेला हा खंड्या. स्टीलच्याच झावळीवर बसलेला, दीड फुटी, पिसं १८ गेजच्या पत्र्यातून एकेक कापून आरगॉन वेल्डिंगने जोडलेली. रंगाचा थेंब नाही. डोक्याचा तपकिरी आणि पाठीचा निळा, दोन्ही ज्योतीने आणलेले. पत्रा तापत जातो तसा आधी गवतासारखा पिवळा होतो, मग तपकिरी, जांभळा, मग निळा. ज्योत कुठे बाजूला घ्यायची एवढंच कारागिराच्या हातात. त्या निळ्यावर भाळलो, नाहीतर तेवढ्यात घराच्या पन्हळी बदलून झाल्या असत्या. (सौ. अजून ऐकवते.)

डाग नेमके निळ्यावरच. चहा सांडून वाळल्यासारखे. फ्रिजवरचं चुंबक आणून लावलं, तर शेपटीला चिकटलं! कारागिराला फोन करून म्हणालो, फसवलंत, हे ३०४ (म्हणजे नेहमीच्या जातीचं स्टेनलेस) नव्हेच. पलीकडून शांतपणे, "काका, ३०४ ठोकून वाकवलं की चुंबक थोडं धरतंच. सपाट जागी लावून बघा." लावलं. पडलं. मीही तोंडावर पडलो. ३१६, म्हणजे त्याहून महागडी जात, तीसुद्धा चुंबक धरत नाही म्हणे, म्हणजे दोन्हींतला फरक चुंबकाला कळतच नाही.

पण मुद्दा सोडला नाही. घर आंजर्ल्याला, समुद्र हाकेच्या अंतरावर, हे ऑर्डर देतानाच सांगितलं होतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, त्याने ते खारं सोसतं. हे तेव्हा बोलायला काय झालं होतं? त्यावर उत्तर, "तुम्ही स्वस्तातलं मागितलंत." हे मात्र खरं आहे.

निळ्याचं दुखणं वेगळंच निघालं. तो रंग म्हणजे तापून जाड झालेला ऑक्साइडचा थर. तो धरताना खालच्या पत्र्यातलं क्रोमियम कमी होतं, आणि स्टेनलेसला गंजापासून वाचवतं ते क्रोमियमच. पिकलिंग पेस्ट (थर काढणारा अ‍ॅसिडचा लेप) लावली तर पत्रा पुन्हा धडधाकट होतो, पण निळा जातो. म्हणजे ज्याचे पैसे दिले तेच काढून टाकायचं. नाही काढणार.

इथवर एक तारा देणार होतो. मग एका सकाळी झावळीकडे लक्ष गेलं. तिचं टोक पागोळ्यांखाली येतं. चार महिने धो धो पाणी खाऊन ते चकचकीत, आणि पावसापासून जपायला मी आत टांगलेला पक्षी डागाळलेला! वाऱ्याबरोबर मीठ आत येऊन बसतं, पण धुवायला पाऊस काही पडवीत येत नाही. त्यात फाटक घासायचा लोखंडी ब्रश मीच एकदा झावळीच्या देठावर फिरवला होता. त्याचे कण पत्र्यात रुतले आणि तेही गंजले. हे फोनवर सांगितलं नाही.

शेजाऱ्याने संडासचं अ‍ॅसिड सुचवलं. चुकूनही नको, ब्लीचही नको. दोन्हींतल्या क्लोराइडने पत्र्याला बारीक खड्डे पडतात. मी लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घातलं, मऊ फडक्याने लावलं, पाच मिनिटांत धुवून कोरडं केलं. देठ साफ झाला. निळ्यावरचे डाग निम्मे गेले, निळा शाबूत. आता दर पंधरवड्याला भांड्यांच्या साबणाचं पाणी, मग गोडं पाणी. आमच्या विहिरीचं उन्हाळ्यात मचूळ होतं, म्हणून तेव्हा नळाचं.

खंड्या आता अंगणात, तुळशीपलीकडे उघड्यावर आहे. परवा खरा खंड्या शेजारच्या तारेवर बसून त्याच्याकडे बराच वेळ बघत होता. साडेतीन तारे. अर्धा त्या खऱ्याने दिलाय.

पुढे चिंबोरी करून घ्यायची आहे, ३१६ मध्ये, न तापवता. दोन हजार जास्त सांगितलेत. घासाघीस चालू आहे.