हॅवलॉकला कधी जावं: एप्रिलमध्ये की मेच्या अखेरीस?

अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, सुट्टीत जायचं तर माझं मत एप्रिलला. पारा तिशीच्या थोडा वर, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं, तेव्हा सकाळीच पोहून घ्या. दुपारी वाळू चटके देते. समुद्र मात्र शांत, कमरेएवढ्या पाण्यातही पायाची बोटं दिसतात.

मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास मान्सून अंदमानात पोचतो, केरळच्याही आधी. उकाडा कमी होतो, खोल्या स्वस्त मिळतात. पण नैर्ऋत्येचा वारा पश्चिमेकडच्या राधानगर किनाऱ्यावर थेट येतो; लाटा उसळतात, पाणी गढूळ होतं, पोर्ट ब्लेअरची, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमची, बोट रद्द होऊ शकते. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवाच.