जाड तिकोनी क्रेयॉन: सात महिने वापरल्यानंतर

दिवाळीच्या सुट्टीत हा बॉक्स घेतला तेव्हा पोरगा सव्वातीन वर्षांचा होता, आता चौथा वाढदिवस तोंडावर आलाय. रोज नाही पण आठवड्यातून चार-पाच दिवस तरी क्रेयॉन हातात असतात, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. घ्यायचं कारण म्हणजे नर्सरीतून वहीवर शेरा आला, 'रंग रेषेबाहेर जातो, घरी सराव घ्या'. मी पण घाबरले आणि जंबो तिकोनी क्रेयॉनचा बाराचा बॉक्स, दोन कलरिंग बुक्स, वर स्केचपेनचा सेट, सगळं एका दमात उचलून आणलं.

कलरिंग बुकचं आधी सांगून टाकते. पैसे वाया. कागद पातळ, पाठपोट छापलेलं, आणि मोराच्या पिसाऱ्यात एवढे बारीक खण की मलाच चष्मा लागेल. स्केचपेन पण कपाटावर गेले, कारण नुसतं टेकवलं तरी भसाभस रंग येतो, बोटांना काही कामच उरत नाही. क्रेयॉनला दाबावं लागतं, तेव्हा कुठे रंग उमटतो, आणि तो दाब द्यायलाच तर हाताला जोर लागतो. ऑइल पेस्टल एकदा दिले होते, चादर बघून परत मागितले.

आता मुख्य गोष्ट. जाड आणि तिकोनी असल्यामुळे पकड आपोआप सुधारेल असं बॉक्सवर वाचून मला वाटलेलं, पण पहिले पाचेक महिने साहेब तो क्रेयॉन लाटण्यासारखा मुठीत धरून खांद्यापासून हात फिरवत होते. तिकोनी असल्याचा एकच फायदा दिसला, टेबलावरून घरंगळत नाही 😄 मी सारखी बोटं धरून दाखवायचे आणि तो हात झटकून निघून जायचा.

मग एप्रिलमध्ये बॉक्स गाडीत राहिला. दुपारभर उन्हात. मेणच ते, सगळे रंग वितळून ट्रेमध्ये एक रंगीबेरंगी वडी झाली. पोरगा रडायला लागला म्हणून ती वडी मी फ्रीजमध्ये घट्ट करून बत्त्याने फोडली, बोराएवढे तुकडे झाले आणि तेच त्याच्यापुढे ठेवले. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही ना! धरला तर गडप होतो. त्यामुळे अंगठा, तर्जनी आणि खाली मधलं बोट, अशी पकड त्याने स्वतःच घेतली, मी तोंडातून शब्द काढला नव्हता. सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या, म्हणाल्या, "अगं ही तर रांगोळीची चिमूट." खरंच तीच. तेव्हापासून नवा क्रेयॉन आणला तरी आधी कटकन मोडते, नवऱ्याला अजून ते बघवत नाही.

मध्यंतरी सर्दीसाठी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो होतो तेव्हा सहज विचारलं. ते म्हणाले मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती सगळी कूर्चाच असते, म्हणजे एक्स-रेत न दिसणारी मऊ, लवचिक, आणि या वयाच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली तीन-चारच दिसतील. पकड पण टप्प्याटप्प्याने येते, आधी मूठ, मग सगळी बोटं खाली वळवून धरणं, मग साधारण साडेतीन-चारच्या पुढे तीन बोटांची पकड, आणि नुसती बोटं हलवून लिहिणं त्याच्याही नंतर. म्हणजे तो शेरा जरा घाईचाच होता. नंतर शाळेत मॅडमना हे सांगितलं, त्या हसल्या, पुढच्या आठवड्यात परत चार पानं घरी आली.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. टेबलावर तो पाच मिनिटं पण टिकत नाही. बाल्कनीच्या दारावर त्याच्या नाकासमोर येईल असा जुन्या कॅलेंडरचा मागचा कोरा कागद टेपने चिकटवला, तर अर्धा तास उभा! उभ्या कागदावर रंगवताना मनगट मागे वळतं आणि खांदा पण कामाला लागतो, ते सपाट वहीवर होत नाही. तोटा असा की दार संपलं की भिंत सुरू होते. भिंतीवरचा क्रेयॉन खोबरेल तेलाच्या बोळ्याने निघाला, पण आता तिथे तेलाचा डाग आहे. तुमच्या जबाबदारीवर करा.

रेषेच्या आत रंगवायचं असेल तर मी एक करते. एकच मोठा आंबा काढायचा, त्याच्या कडेवरून फेव्हिकॉलची धार सोडायची, रात्रभर वाळू द्यायची. सकाळी उंचवटा तयार. क्रेयॉन तिथे अडकतो, हाताला बांध लागल्यासारखा, मग 'बाहेर जाऊ नको' म्हणावं लागत नाही. हे वाक्य मी पहिले दोन महिने इतक्यांदा म्हटलंय की तो क्रेयॉन बघूनच पळायचा, ती चूक माझीच.

फरक काय पडला? शर्टाची मोठी बटणं आता स्वतः लावतो, डब्याची क्लिप उघडतो, दुसऱ्या हाताने कागद दाबून धरतो, हे आधी अजिबात नव्हतं. पण सगळं क्रेयॉनमुळेच असं मी म्हणणार नाही, वयही वाढलंय, आणि आज्जीबरोबर मटार सोलणं, कणकेच्या गोळ्या वळणं हेही रोज चालूच असतं. रंग अजूनही रेषेबाहेर जातो, पण जरा कमी.

बॉक्सचा दर्जा बरा आहे, वास नाही, कपड्यांवरचा डाग दोन धुण्यात गेला. नव्या बॉक्समधले लाल आणि निळा कधीच संपले, सुटे मिळत नाहीत ही माझी मोठी तक्रार, दोन रंगांसाठी अख्खा बॉक्स घ्यावा लागतो. पांढरा तसाच्या तसा पडून होता, मग गेल्या रविवारी पोराला त्या पांढऱ्याने कागदावर रेघोट्या मारायला लावल्या आणि वरून हळदीचं पाणी फिरवलं, मेणावर पाणी धरत नाही त्यामुळे रेघोट्या पांढऱ्याच राहिल्या. आता पांढरा पण संपत आलाय.